कुणाच्या वळचणीला

२०२५ च्या सप्टेंबरात रियाधमध्ये पाकिस्तान आणि सौदी अरेबियानं संरक्षण करार केला. एकावर हल्ला तो दोघांवर हल्ला, अशी त्यातली भाषा. त्या रात्री आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी झोपलं नसावं. सुरुवात माझ्या भाच्यानं केली. मे महिन्यात चार दिवस पाकिस्तानशी जुंपली तेव्हा आपल्यामागे नीट उभं कोण राहिलं? त्यापेक्षा एखाद्या गटात जाऊन बसलेलं बरं. फिनलंड नाही का नाटोच्या लष्करी गटात गेला, मावशीला विचारा.

मावशी म्हणजे मी, हेलसिंकीत राहणारी. मला कुणी विचारायच्या आधीच दादाचं उत्तर आलं. दादा माझा आतेभाऊ, बँकेतून निवृत्त, आणि जगाच्या राजकारणावर पहाटे पाचपासून हजर. ‘फिनलंड घाबरला म्हणून अमेरिकेच्या वळचणीला गेला. आपण कुणाच्या वळचणीला जात नसतो. स्वाभिमान नावाची काही गोष्ट असते.’ खाली चौदा अंगठे आणि तीन तिरंगे.

मी मेट्रोत होते. उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, उतरायचं स्टेशन चुकलं. दादापुढे मोठ्यानं बोलायची सवय नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

घाबरला? घाबरलाच. मी इथेच होते, मी पाहिलं आहे. अनेक वर्षं नाटोत जायला इथल्या लोकांचा पाठिंबा वीस-तीस टक्क्यांच्या आत घुटमळत होता. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या आणि त्याच महिन्याच्या शेवटी यूले या इथल्या सार्वजनिक वाहिनीच्या पाहणीत तो ५३ टक्क्यांवर गेला, मे महिन्यात ७६ वर. संसदेत अर्जाच्या बाजूनं १८८ मतं, विरुद्ध ८. एप्रिल २०२३ मध्ये सभासदत्व. रशियाशी १,३४० किलोमीटरची सीमा असलेल्या देशानं असं करणं ही भित्रेपणाची खूण असेल, तर छपराला आग लागल्यावर बादली शोधणाराही भित्राच म्हणायला हवा. अध्यक्ष निनिस्तो तेव्हा पुतिनना उद्देशून म्हणाले, हे तुम्हीच ओढवून घेतलंत, आरशात बघा. इतकं आखूड बोलणारा राष्ट्राध्यक्ष आपल्याला लाभेल तो सुदिन. (असं ग्रुपवर लिहिलं असतं तर मला काढूनच टाकलं असतं.)

दादाला एक गोष्ट कळत नाही, आणि खरं सांगायचं तर इथे येईपर्यंत मलाही कळत नव्हती. रशिया नावाचा देश एकच नाही. आमच्या लहानपणी सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं वह्या-पुस्तकांना घालायचो. त्या कागदाला एक वास होता आणि त्यावर हसणाऱ्या, गाल लाल झालेल्या मुली असायच्या. रशिया म्हणजे ते. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्या कारेलियात, तेव्हाच्या पूर्व फिनलंडात, जन्मल्या आणि १९४४ मध्ये आईच्या कडेवर बसून तिथून निघाल्या. सोव्हिएत संघाशी झालेल्या त्या युद्धांत चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून अशीच पश्चिमेला आली. गाव सीमेपलीकडे राहिलं ते राहिलंच. मी एकदा मोठ्या कौतुकानं त्यांना त्या कव्हरांची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, कॉफीचा कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, ‘तुम्ही लांब होतात.’

एवढं एकच वाक्य. स्टीफन वॉल्ट नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८७ मध्ये हेच ग्रंथभर मांडलं: देश जोडीदार शोधतात ते केवळ दुसऱ्याचं बळ मोजून नाही, तो किती जवळ आहे, त्याच्याकडे चाल करून येण्याजोगं काय आहे आणि त्याच्या मनात काय आहे, हे बघून. हेलसिंकीहून सेंट पीटर्सबर्गला पूर्वी आल्लेग्रो गाडीनं साडेतीन तासांत जाता यायचं. आम्हीही एकदा गेलो होतो, मुलानं सबंध प्रवास झोपून काढला. मार्च २०२२ च्या शेवटी ती गाडी बंद झाली. जिथून रणगाडा यायला एक सकाळ पुरते, तिथं स्वाभिमानाचा हिशेब वेगळ्या पाटीवर मांडावा लागतो.

आता वळचणीचं बघू. दादा १९७१ साली बारा वर्षांचा होता. खिडक्यांना काळे कागद चिकटवल्याचं तो अजून रंगवून सांगतो. अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं तेव्हा रशिया आपल्या पाठीशी होता, हेही त्याला मुखोद्गत आहे. का होता? तर ९ ऑगस्ट १९७१ ला स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी दिल्लीत करारावर सही केली होती म्हणून. त्याच्या नवव्या कलमात, कुणावर हल्ला झाला किंवा हल्ल्याची धमकी आली तर दोघांनी ताबडतोब सल्लामसलत करायची, असं लिहिलं होतं. किसिंजर जुलैमध्ये गुपचूप पेकिंगला जाऊन आले होते. अमेरिका, चीन, पाकिस्तान असं त्रिकूट जुळताना दिसल्यावर अलिप्ततेचा झेंडा उंच धरूनच इंदिराबाई मॉस्कोच्या छपराखाली एक पाय ठेवून उभ्या राहिल्या. आणि शहाणपणानंच राहिल्या. फक्त त्याला आपण मैत्री म्हणतो. कराराचं नावच शांतता, मैत्री आणि सहकार्याचा करार. गंमत बघा, फिनलंडनंही १९४८ मध्ये मॉस्कोशी जो करार केला त्याचं नाव मैत्री, सहकार्य आणि परस्पर साहाय्याचा करार. आपण तो शब्द प्रेमानं उच्चारतो. इथल्या वयस्कर लोकांच्या तोंडी तो अजून दात दुखल्यासारखा येतो.

नेहरूंचंही तेच. १९ नोव्हेंबर १९६२ ला त्यांनी केनेडींना पत्रं लिहून लढाऊ विमानांची मदत मागितली. अलिप्ततेचा प्रणेता, चिनी फौज आसामच्या दिशेनं उतरताना बघून. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण मग फिनलंडलाही ठेवू नका.

आणि हे सगळं अजून सीमेवरचंच झालं. आपल्याकडची चर्चा सीमेच्या आत कधी येतच नाही, याचा मला खरा राग आहे. टीव्हीवर नकाशा, नकाशावर बाण, बाण कायम बाहेरून आत. स्टीव्हन डेव्हिड नावाच्या दुसऱ्या एका अभ्यासकानं १९९१ मध्ये वॉल्टला जोड दिली की अनेक देशांत राज्यकर्त्यांना पहिली धास्ती आतल्यांची असते. बंडाची, उठावाची, फुटण्याची. बाहेरचा मित्र निवडताना तो आतल्या शत्रूविरुद्ध कामाला येईल का, हे आधी बघितलं जातं. त्यानं मुख्यतः तिसऱ्या जगाबद्दल लिहिलं. इजिप्त, इथिओपिया वगैरे. पण आपल्या शेजारातली भारताची मैत्री या चष्म्यातून बघा, लख्ख दिसते.

नागा आणि मिझो बंडखोरांना एकेकाळी पूर्व पाकिस्तानात आसरा आणि चीनमध्ये प्रशिक्षण मिळत होतं. १९६६ च्या मार्चमध्ये आपल्याच हवाई दलाला आजच्या मिझोराममधल्या ऐजॉलवर बाँब टाकावे लागले, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे? अशा देशाला ईशान्येच्या पलीकडे कोण राज्य करतं याची काळजी करावीच लागते. म्हणून १९८८ मध्ये म्यानमारच्या लोकशाहीवाद्यांची बाजू घेणारी दिल्ली काही वर्षांत तिथल्या लष्कराशी जुळवून घेऊ लागली. १९९५ मध्ये दोन्ही फौजांची बंडखोरांविरुद्ध ‘ऑपरेशन गोल्डन बर्ड’ ही मोहीम चालू असताना दिल्लीनं आँग सान स्यू ची यांना नेहरू पुरस्कार जाहीर केला आणि म्यानमारच्या सेनेनं हात आखडता घेतला, असं सांगितलं जातं. तत्त्व एका हातात, गरज दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात एकाच माणसाचे. २००३ च्या डिसेंबरात भूतानच्या राजानं स्वतःच्या जंगलातून आसामच्या उल्फा बंडखोरांचे तळ उठवले. २००९ पासून शेख हसीना यांच्या सरकारनं उल्फाचे नेते पकडून आपल्याकडे दिले. मग दिल्ली हसीनांच्या मागे इतकी ठाम का उभी राहिली याचं कोडं पडायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या पळून आल्या त्याही दिल्लीलाच.

१९७१ सुद्धा पुन्हा बघा. एक कोटीच्या आसपास निर्वासित, त्यातले बहुसंख्य पश्चिम बंगालमध्ये, आणि तिथं तेव्हा नक्षलवाद्यांचा जोर, राष्ट्रपती राजवट. छावण्या चिघळल्या असत्या तर काय झालं असतं ही भीती दिल्लीच्या पोटात होती. मॉस्कोच्या करारामागे चीन-अमेरिका जितके होते, तितकीच ही आतली धगही असावी, असं मला वाटतं.

तुर्कस्ताननं तर आतला हिशेब बाहेर मांडण्याची कमाल केली. फिनलंड आणि स्वीडनला नाटोत घ्यायला बाकी बहुतेक तयार, तुर्की अध्यक्ष एर्दोआन अडून बसले. त्यांचं म्हणणं, पीकेके या बंडखोर संघटनेच्या कुर्दांना तुम्ही आसरा देता. रशिया, बाल्टिक समुद्र, युक्रेन सगळं बाजूला, आणि अडलं होतं अंकाराच्या घरातल्या भांडणावर. जून २०२२ मध्ये माद्रिदला तिघांनी कागदावर सह्या केल्या. तरी आमचा दाखला यायला पुढचा मार्च उजाडला, आणि स्वीडन तर मार्च २०२४ पर्यंत दारात उभा होता.

‘आमचा’. हा शब्द लिहून मी थांबले. मग राहू दिला.

कारण मला जे म्हणायचं आहे ते या आमच्या, म्हणजे यांच्या, इतिहासातच आहे. १९१८ साली फिनलंडमध्ये यादवी झाली. लाल आणि पांढरे. लालांना रशियन बोल्शेविकांची रसद, पांढऱ्यांनी जर्मन सैन्य बोलावलं. एप्रिलमध्ये जर्मन फौज हांकोला उतरली आणि काही दिवसांत त्यांनी हेलसिंकी घेतलं. एकतीस-बत्तीस लाखांच्या देशात पस्तीस हजारांहून जास्त माणसं गेली, पुष्कळशी लढाई संपल्यावर, गोळ्या घालून किंवा छावण्यांत भुकेनं. जिंकलेल्यांना इतकी धास्ती होती की ऑक्टोबरात त्यांनी एक जर्मन राजपुत्र फिनलंडचा राजा म्हणून निवडला! महिन्याभरात जर्मनीच हरली म्हणून तो बेत बारगळला. घरातल्या भावाच्या भीतीनं परक्याला पाट मांडून बसवणं याला वळचण म्हणावी, दादा.

मग एकवीस वर्षांनी, ३० नोव्हेंबर १९३९ ला, स्टालिननं हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी सीमेजवळच्या तेरियोकीला कूसिनेन नावाच्या फिनिश कम्युनिस्टाचं बाहुलं सरकार बसवलं. हिशेब सरळ होता, १९१८ चे लाल आपल्याकडे येतील. ते आले नाहीत. हरलेल्यांची पोरं बर्फात पांढऱ्यांच्या पोरांच्या शेजारी उभी राहिली. मधल्या वीस वर्षांत काय झालं होतं? कुळांना जमिनी मिळाल्या होत्या. कूळकायदा म्हटला की आपल्याला लगेच कळतं. हरलेल्या बाजूचे सोशल डेमोक्रॅट निवडणुका लढवून १९३७ पासून सरकारात होते. जखम भरली नव्हती, पण खपली धरली होती. २०२२ मध्ये १८८ विरुद्ध ८ अशी मतं पडली त्याची तयारी तिथून झाली, असं मी मानते. ज्याचं घर आतून शांत आहे त्याला बाहेरचा मित्र सावकाश निवडता येतो आणि वेळ आली की झटकन. आपल्याकडे परराष्ट्र धोरणावर दहा तज्ज्ञ बोलतात, मणिपूरचं नाव दहातला एकही काढत नाही.

हे सगळं मी शेवटी दादाला फोनवर बोलले. बरंचसं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, ‘छप्पन्न लाखांचा देश गं तो. आपला नुसता पुणे जिल्हा त्याहून मोठा. त्यांनी काय शांतता ठेवायची आणि कुणापासून?’

याला उत्तर होतं, पण दादाचंही काही खोटं नव्हतं. आणि मी सोयीचं तेवढंच सांगितलं होतं. १९४१ ते १९४४ फिनलंड हिटलरच्या बरोबरीनं लढला, हे मी गाळलं. इथेही ते जरा पुटपुटतच सांगतात. केक्कोनेन पंचवीस वर्षं अध्यक्ष होते ते मॉस्कोची मर्जी सांभाळून, हेही गाळलं. १९६१ मध्ये सोव्हिएत संघानं खलिता पाठवून लष्करी सल्लामसलतीची मागणी केली, केक्कोनेन ख्रुश्चॉव्हला भेटायला पार नोवोसिबिर्स्कला गेले, आणि इकडे त्यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या उमेदवारानं देशहितासाठी म्हणून माघार घेतली. बाहेरच्या धाकाचा घरात इतका चोख उपयोग करणारा दुसरा गडी शोधून सापडायचा नाही. १९७३ मध्ये तर निवडणूक न घेता खास कायद्यानं त्यांची मुदत चार वर्षं वाढवली.

शिवाय एक गोष्ट दादाला सांगितलेली नाही. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी दादा होते.

२०२२ च्या उन्हाळ्यापासून दर काही महिन्यांनी कुणीतरी ट्रे घेऊन समोर बसतं आणि सहज विचारावं तसं विचारतं, भारत रशियाकडून तेल का घेतो? आणि माझं रक्त उसळतं. युद्धाआधी आमच्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो तिसऱ्या हिश्श्यावर गेला, हे मला माहीत आहे. पण तुमचा युरोप रशियन गॅस घेतच होता ना? फिनलंडचा गॅससुद्धा मे २०२२ मध्ये रशियाच्या गाझप्रोम कंपनीनंच तोडला, तुम्ही नाही. चीनला लागून आमची ३,४८८ किलोमीटरची रेषा आहे. २०२० च्या जूनमध्ये गलवानला आमचे २० जवान गेले तेव्हा तुमच्यापैकी कुणी माझ्या टेबलाशी येऊन बसलं होतं? रशियाला आम्ही चीनच्या कुशीत ढकलून द्यायचं का? युरोपचा प्रश्न तो जगाचा प्रश्न, आणि जगाचा प्रश्न तो युरोपचा नाही, ही वृत्ती युरोपनं सोडावी, हे जयशंकर ब्रातिस्लाव्हात बोलले ते मी पाठ केलं आहे. फिनिशमध्ये. पंधरा विभक्त्यांपैकी निदान दोन चुकवून. ‘आम्ही कुणाच्या वळचणीला जात नाही’ याचं भाषांतर मला अजून जमलेलं नाही, नाहीतर तेही फेकलं असतं.

म्हणजे कॅन्टीनमध्ये ‘आम्ही’ भारत आणि ग्रुपवर ‘आम्ही’ फिनलंड. दोन्हीकडे मी तितक्याच तावातावानं बोलते. १९५४ मध्ये पाकिस्ताननं अमेरिकेशी करार केला तो कम्युनिस्टांविरुद्ध म्हणून आणि शस्त्रं ठेवली आपल्यासाठी. आपण त्याला दुटप्पी म्हणत आलो. माझं काय चाललंय त्याला कोणता शब्द, ते ग्रुपवर विचारायची सोय नाही.

२०२३ च्या शरदात पूर्व सीमेवर सीरिया, सोमालिया, येमेनची माणसं येऊ लागली, कुणी कुणी तर सायकलींवर. रशियानं मुद्दाम धाडलेली, असं सरकारचं म्हणणं, आणि मला ते पटतं. सगळी मिळून तेराशेच्या आसपास. डिसेंबरात सरकारनं पूर्वेची सगळी रस्त्यावरची नाकी बंद केली, ती अजून बंद आहेत. जुलै २०२४ मध्ये अशा लोकांना सीमेवरूनच परत लोटायची मुभा देणारा कायदा १६७ विरुद्ध ३१ मतांनी झाला. मी त्याच्या बाजूनं होते. जेवताना तसं म्हणालेही. समोरची बाई, चांगली आहे, माझ्या रजेत माझं काम बघते, ती म्हणाली, ‘तू काही तशी नाहीस.’ मी हसले. घरी येईपर्यंत त्या वाक्याची चव बदलली. बाहेरचा धोका वाढला की देश आपल्या आतल्या माणसांकडे पुन्हा एकदा मोजणीच्या नजरेनं बघतो, हे मी ईशान्येबद्दल इतक्या सहज लिहून गेले. त्याच ऑक्टोबरात नागरिकत्वासाठी राहायची अट पाच वर्षांवरून आठ झाली. मला तिचा काच नाही, माझी अठरा झाली आहेत. अर्ज भरलेला आहे, पाठवलेला नाही. आपला कायदा दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. फिनलंड देतो. म्हणजे निवड मागणारा देश माझा, आणि मी चिडते मात्र या थंडीवर.

मुलानं ती निवड सोळाव्या वर्षी केली. मग कुत्सुन्नातचं, म्हणजे लष्करभरतीचं, पत्र आलं आणि २०२५ च्या जुलैत तो सांताहामिनाच्या तळावर इन्त्तीसाठी, सक्तीच्या लष्करी सेवेसाठी, गेला. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या युद्धकाळच्या आसऱ्यात, जाड पोलादी दाराआड, त्याचे स्की आहेत, सगळ्यांच्या सायकली आहेत आणि मी येताना आणलेली पत्र्याची पेटी आहे. वेळ आली तर ७२ तासांत ते सगळं हलवून माणसांना जागा करायची, असा नियम. दर वसंतात ताल्कोतला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या साफसफाईला, आम्ही त्या दारापुढचा कचरा झाडतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बारा वाजता भोंगा वाजतो, कुणी मान वर करत नाही. मीही करत नाही. त्या उन्हाळ्यात मुलाचं ट्रेनिंग सुरू झालं आणि ऑगस्टच्या सोमवारी मी केली.

ऑगस्टच्या अखेरीस त्याची शपथ झाली. मैदानात रांगा, पोरांच्या मुंड्या भादरलेल्या, माझा कोणता ते ओळखायला दोन मिनिटं लागली, खरं तर रंगावरून लगेच कळायला हवं होतं. खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या होत्या, काठी टेकत, कुणी न बोलावता. रांगेतल्या मुलांनी एका आवाजात वाक्यं म्हटली. मी ‘माझा देश’ एवढेच शब्द धरले, बाकीचे वाऱ्यावर गेले.

फोटो मी ग्रुपवर टाकला. दादानं सगळ्यांदेखत लिहिलं, ‘शाब्बास रे वाघा.’ वळचणीवरून जुंपली ती त्यानंतर तीन आठवड्यांनी. फोनवर सगळं भांडून झाल्यावर, ठेवता ठेवता, तो एकदम हळू आवाजात म्हणाला, ‘अगं, एक विचारायचं राहिलं. त्यानं शपथ कुठल्या देवाच्या नावानं घेतली?’

मी सांगितलं, इथे दोन प्रकार असतात. एक देवाच्या नावाची, एक बिनदेवाची. यानं बिनदेवाची घेतली.

दादा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मग बरंय. सुटायला वाट ठेवली आहे पोरानं.’